फ्रेंचमधले जर-तर

'आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं' ही म्हण मराठीत ज्या कामाला येते, नेमक्या त्याच कामासाठी फ्रेंच माणसाकडेही एक म्हण आहे: 'सी मा तांत आंनाव्हॅ, ओं लापॅलरॅ मोनोंक्ल.' फ्रेंच 'तांत' आत्या असू शकते, मावशी असू शकते, काकू किंवा मामीही. आणि मिशांऐवजी तिथे पुरुषपणाची अधिक ठळक खूण अभिप्रेत असते, जी 'आं' या छोट्या सर्वनामाआड झाकून ठेवलेली आहे. बाकी सगळे तेच. निरर्थक जर-तर करत बसलेल्याला गप्प करायचे, हा हेतूही तोच.

मात्र दोन्ही म्हणींतली क्रियापदे शेजारी ठेवून पाहिली की एक मोठा फरक दिसतो. मराठीत 'असत्या' आणि 'म्हटलं असतं', म्हणजे अटीच्या बाजूलाही 'अस'चे कल्पित रूप आणि परिणामाच्या बाजूलाही. फ्रेंचमध्ये अटीच्या बाजूला नुसते 'आव्हॅ' आहे, म्हणजे साधा अपूर्ण भूतकाळ. 'तिला होत्या' एवढाच त्याचा अक्षरशः अर्थ. कल्पनेचे खास रूप, 'आपॅलरॅ', फक्त परिणामाच्या बाजूला आहे. मराठी कल्पितपणाची खूण वाक्यावर दोनदा करते, फ्रेंच एकदाच करते आणि तीही अटीवर नव्हे, परिणामावर. मराठी माणसाला फ्रेंचमधले जर-तर अवघड का जाते, याचे उत्तर बहुतेक या एका गोष्टीत आहे.

(या लेखातले फ्रेंच उच्चार देवनागरीत जवळपासचे दिले आहेत. 'रॅ'मधला स्वर 'बँक'मधल्यासारखा उघडा आहे आणि पुढे त्याला महत्त्व येणार आहे.)

मराठीत 'तर' अटीच्या शेवटी येतो आणि 'जर' बहुतेक वेळा गाळलाच जातो. फ्रेंचमध्ये याच्या उलट आहे. 'सी' म्हणजे 'जर', आणि तो अटीच्या सुरुवातीला यावाच लागतो. 'तर' या अर्थाचा 'आलोर' हा शब्द आहे, पण तो वापरलाच पाहिजे असे नाही. नेहमीच्या बोलण्यात दोन्ही भागांमधला थोडासा विराम त्याचे काम करतो. अट आधी सांगा की नंतर, वाक्य बरोबरच असते. 'इल', म्हणजे 'तो', पुढे आला तर 'सी'तला स्वर लोप पावतो आणि 'सिल' होते. पण 'ती' या अर्थाच्या 'ॲल'पुढे तो तसाच राहतो, 'सी ॲल'. हे असे का, असे फ्रेंच मुलाला विचारले तर त्यालाही सांगता येत नाही. ते फक्त पाठ असते.

'सी'ने सुरू होणाऱ्या वाक्यांचे तीन मुख्य साचे आहेत. पाठ्यपुस्तके ते तीन ओळींच्या कोष्टकात बसवतात. कोष्टक चुकीचे नाही, पण त्यातले तर्कशास्त्र कोष्टकात दिसत नाही.

पहिला साचा खऱ्या शक्यतेचा. 'सिल प्लो, ज रॅस्तरे आ ला मॅझों', म्हणजे पाऊस पडला तर मी घरी राहीन. अट वर्तमानकाळात, परिणाम भविष्यकाळात. नेहमीच खरी असणारी गोष्ट सांगायची असेल तर परिणामही वर्तमानकाळात येतो: पाणी शंभर अंशांपर्यंत तापवलं तर उकळतं. परिणाम ही आज्ञा असेल तर आज्ञार्थ येतो: 'सी त्यू आ फँ, मांज', भूक लागली असेल तर जेव. मराठीत पहिल्या वाक्यात 'पडला' हे भूतकाळाचे रूप भविष्याबद्दल बोलते आणि शेवटच्या वाक्यात 'असेल' हे भविष्याचे रूप आत्ताच्या भुकेबद्दल बोलते. फ्रेंच या दोन्ही ठिकाणी शांतपणे वर्तमानकाळ वापरते. मराठीत 'तू येशील तर मीही येईन' असे सहज म्हणता येते. त्याच्या नादाने मराठी विद्यार्थी 'सी'नंतर भविष्यकाळ घालून मोकळा होतो. फ्रेंचमध्ये ही ठळक चूक आहे. अटीच्या 'सी'पुढे भविष्यकाळ येत नाही.

दुसरा साचा कल्पनेचा. 'सी जाव्हॅ ल तां, जाप्रांद्रॅ ल फ्रांसॅ.' वेळ असता तर मी फ्रेंच शिकलो असतो. अटीत अपूर्ण भूतकाळ, ज्याला फ्रेंचमध्ये 'अँपार्फॅ' म्हणतात. परिणामात 'कोंदिसिओनॅल', म्हणजे संकेतार्थाशी मिळतेजुळते खास रूप. वाक्य आजचे आहे. वेळ आज नाही, शिकणे आज होत नाही. तरीही क्रियापद एक पाऊल मागे, भूतकाळात गेलेले आहे.

तिसरा साचा गेलेल्या गोष्टीचा. 'सी त्यू माव्हॅ तेलेफोने, ज सरॅ व्हन्यू.' तू मला फोन केला असतास तर मी आलो असतो. इथे अट आणखी एक पाऊल मागे जाते, पूर्ण भूतकाळाच्याही मागच्या भूतकाळात, आणि परिणामात कोंदिसिओनॅलचे भूतकालीन रूप येते. फोन झाला नाही, येणे झाले नाही आणि आता काही करताही येत नाही.

तिन्ही साचे ओळीने पाहिले की तत्त्व उघडे पडते. शक्य गोष्ट वर्तमानात. वस्तुस्थितीपासून दूरची गोष्ट एक पाऊल मागे. कायमची हातातून गेलेली गोष्ट दोन पावले मागे. इथे भूतकाळ वेळ सांगत नाही, अंतर सांगतो. वास्तवापासूनचे अंतर मोजायला भाषेने काळाचीच पट्टी वापरली आहे. हे समजले की कोष्टक पाठ करायची गरज उरत नाही.

मराठीच्या शालेय व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ सांगतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. जर-तरची कल्पित वाक्ये संकेतार्थात येतात. मराठी संकेतार्थाची एक गंमत फ्रेंच शिकताना पहिल्यांदा लक्षात येते. 'वेळ असता तर मी फ्रेंच शिकलो असतो' हे वाक्य नोकरीत अडकलेला तरुण आजच्या दिवसाबद्दलही म्हणू शकतो आणि निवृत्त माणूस कॉलेजच्या दिवसांबद्दलही. मराठी रूप दोघांसाठी एकच आहे. 'आज', 'तेव्हा' असे शब्द किंवा संदर्भ फरक सांगतात. फ्रेंचमध्ये ही सवलत नाही. तरुणाला 'सी जाव्हॅ ल तां, जाप्रांद्रॅ' म्हणावे लागेल आणि निवृत्ताला 'सी जाव्हॅ यू ल तां, जोरॅ आप्री'. दार अजून उघडे आहे की बंद झाले, हे क्रियापदातच ठरवून सांगावे लागते. मराठीत विचार करून फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्याची इथे हमखास गल्लत होते, कारण हा प्रश्न मराठीने त्याला कधी विचारलेलाच नसतो.

मात्र सगळीकडे फ्रेंचच अधिक नेमकी असते, असे नाही. 'सी ज गान्यॅ आ ला लोत्री, जाशॅतरॅ यून मॅझों' या वाक्यात बोलणाऱ्याने तिकीट काढले आहे की नाही, हे कळत नाही. उद्या खरेच लॉटरी लागण्याची धूसर आशा असो किंवा नुसते मनोराज्य असो, फ्रेंच रूप एकच. मराठीत मात्र 'लॉटरी लागलीच तर घर घेईन' आणि 'लॉटरी लागली असती तर घर घेतलं असतं' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्यातला तो 'च' तर फ्रेंचमध्ये नेताच येत नाही. कुठे फ्रेंच कसून विचारते, कुठे मराठी.

साचे एकमेकांत मिसळतातही. 'सी जाव्हॅ एत्यूदिये ला मेद्सीन, ज सरॅ मेद्सँ ओजूर्द्वी': वैद्यक शिकलो असतो तर आज डॉक्टर असतो. अट गेलेल्या काळातली म्हणून दोन पावले मागे, परिणाम आजचा म्हणून कोंदिसिओनॅलचे साधे रूप. अंतराची पट्टी समजलेल्या माणसाला हे वाक्य अपवाद वाटत नाही.

अटीच्या 'सी'नंतर कोंदिसिओनॅल कधीही येत नाही, हा नियम फ्रेंच मुलांच्या मनावर बिंबवण्यासाठी शाळेत एक कोटी सांगितली जाते: 'ले सी नॅम पा ले रॅ.' कानाला याचा अर्थ 'करवतींना रेघा आवडत नाहीत' असा लागतो, कारण 'सी' म्हणजे करवतही आणि 'रॅ' म्हणजे रेघही. खरा अर्थ असा, की 'सी' या शब्दाला 'रॅ' या प्रत्ययाचे वावडे आहे. कोंदिसिओनॅलची एकवचनी रूपे 'रॅ'ने संपतात, म्हणून. अशी कोटी लागते याचा अर्थ उघड आहे: फ्रेंच मुलेही हीच चूक करतात. ईव्ह रोबेर यांचा १९६२ सालचा 'ला गॅर दे बूतों' हा चित्रपट लुई पॅर्गो यांच्या १९१२ सालच्या कादंबरीवर आधारलेला आहे. त्यात एक चिमुरडा मुलगा 'हे माहीत असतं तर आलोच नसतो' अशा अर्थाचे एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतो. त्यात तो 'सी'नंतर कोंदिसिओनॅल घालतो आणि वर साहाय्यक क्रियापदही चुकीचे वापरतो. त्या चुकीसकट ते वाक्य फ्रान्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडी बसले आहे.

ही चूक मुलांच्या आळसातून येत नाही. दोन्ही बाजू कल्पित, तर दोन्हींवर खूणही सारखीच, ही मनाची सहज चाल आहे. मराठी ती चाल चालते. लॅटिनही चालत असे: अभिजात लॅटिनमध्ये अशा वाक्यात अट आणि परिणाम दोन्हींत क्रियापदाचे तेच कल्पित रूप येई. लॅटिनमधून उतरलेल्या जुन्या फ्रेंचमध्येही सुरुवातीला दोन्ही बाजू सारख्याच होत्या. पुढे मध्ययुगात हळूहळू ही जोडी फुटली. अटीत साधा अपूर्ण भूतकाळ आला आणि परिणामात एक नवे रूप आले, जे लॅटिनमध्ये नव्हतेच.

हे नवे रूप कुठून आले, तो इतिहास मराठी वाचकाला जवळचा वाटेल. उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'मला गायचे आहे' अशा अर्थाने 'कांतारे हाबेओ' म्हणत, म्हणजे 'गाणे' हे क्रियारूप आणि पुढे 'माझ्याकडे आहे'. हे दोन शब्द झिजत झिजत एक झाले आणि फ्रेंच भविष्यकाळ तयार झाला: 'शांतरे', मी गाईन. त्याचप्रमाणे 'कांतारे हाबेबाम', म्हणजे 'मला गायचे होते', झिजून 'शांतरॅ' झाले. हाच कोंदिसिओनॅल. भविष्यकाळ म्हणजे 'करायचे आहे' आणि कोंदिसिओनॅल म्हणजे 'करायचे होते'. मराठीत 'मला यायचं होतं' असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात 'पण' आपोआप उभा राहतो, तो याच कारणाने. म्हणूनच कोंदिसिओनॅलचा सुरुवातीचा अर्धा भाग भविष्यकाळाचा असतो आणि शेवटचा अर्धा अँपार्फॅचा. भविष्यात जी धातुरूपे वेडीवाकडी होतात, 'असणे'चे 'सर', 'जाणे'चे 'इर', 'करणे'चे 'फर', 'येणे'चे 'व्हियांद्र', 'शकणे'चे 'पूर', ती सगळी कोंदिसिओनॅलमध्ये तशीच येतात. एकाचा खर्च, दोन रूपे पदरात.

फ्रेंच भाषेचा सर्वांत जुना समजला जाणारा लेख म्हणजे इ.स. ८४२ मध्ये स्ट्रासबूर्ग येथे घेतलेल्या शपथा. सम्राट शार्लमान्यचे दोन नातू, लुई आणि शार्ल, यांनी तिसऱ्या भावाविरुद्ध एकमेकांना साथ देण्याचे ठरवले आणि एकमेकांच्या सैन्याला कळावे म्हणून एकमेकांच्या भाषेत शपथ घेतली. शार्लच्या सैनिकांनी आपल्या भाषेत घेतलेली शपथ म्हणजे एक लांबलचक जर-तरच आहे: लुईने आपल्या भावाला दिलेली शपथ पाळली आणि आमचा धनी शार्ल याने ती मोडली आणि त्याला मी परावृत्त करू शकलो नाही, तर लुईविरुद्ध मी त्याला मदत करणार नाही. अटीची क्रियापदे वर्तमानकाळात आहेत आणि परिणाम भविष्यकाळात. साडेअकराशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा साचा आजही तसाच आहे. कोंदिसिओनॅलचे पहिले लिखित रूप यानंतर काही दशकांनी, सुमारे ८८० मधल्या संत युलालीवरच्या रचनेत सापडते: 'सोस्तेंद्रेइएत', म्हणजे ती सोसायला तयार होईल.

जुनी समतोल रचना एकदम नाहीशी झाली नाही. सतराव्या शतकातल्या ब्लेझ पास्कालच्या 'पांसे'मध्ये, जो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६७० मध्ये छापला गेला, क्लिओपात्राचे नाक आखूड असते तर जगाचा चेहरामोहरा बदलला असता, असा प्रसिद्ध विचार आहे. त्यात अटीच्या बाजूला जुने साहित्यिक रूप आहे आणि परिणामाच्या बाजूला नवा कोंदिसिओनॅल. एका वाक्यात दोन युगे नांदतात. आज ते जुने रूप बोलण्यात कोणी वापरत नाही. ते वाचताना ओळखता आले की पुरे.

भविष्यकाळ आणि कोंदिसिओनॅल सख्खी भावंडे असल्यामुळे एक अडचण मात्र कायमची मागे लागली आहे. 'मी येईन' हे 'व्हियांद्रे' आणि 'मी आलो असतो' किंवा 'मी येईनही कदाचित' हे 'व्हियांद्रॅ'. फरक शेवटच्या स्वराचा, 'रे' आणि 'रॅ' यांचा. लिहिताना दुसऱ्यात एक मुका 'स' जास्त. पण आज कित्येक फ्रेंच लोक दोन्ही स्वर सारखेच उच्चारतात, त्यामुळे फ्रेंच मुलांच्या वहीत हा 'स' नको तिथे येतो आणि हवा तिथे गळतो. यावर शिक्षक एक सोपा उपाय सांगतात: 'मी' काढून 'आम्ही' घालून पाहा. 'आम्ही येऊ' हे 'व्हियांद्रों', आणि कोंदिसिओनॅलमध्ये 'व्हियांद्रिओं'. इथे फरक कानाला स्पष्ट ऐकू येतो. मराठी कानाला मात्र 'रे' आणि 'रॅ' वेगळे ऐकण्याची सवय इंग्रजीतून आलेल्या शब्दांनी आधीच लावली आहे. 'बेट' आणि 'बॅट' यांत कोणी घोटाळा करत नाही. सुरुवातीपासून जपले तर मराठी विद्यार्थ्याचा हा उच्चार चांगला बसतो.

कोंदिसिओनॅलला नेहमी 'सी'ची सोबत लागते असे नाही. रोजच्या बोलण्यात तो बहुतेक वेळा एकटाच फिरतो. पॅरिसच्या कुठल्याही कॅफेत काउंटरपाशी उभे राहून ऐकावे. 'ज व्हो अं काफे' हे वाक्य व्याकरणात निर्दोष आहे, 'मला एक कॉफी पाहिजे'. पण ते हट्टी मुलासारखे ऐकू येते. गिऱ्हाईक म्हणते, 'ज व्हूद्रॅ अं काफे.' 'मला एक कॉफी हवी असती' असा त्याचा अक्षरशः अर्थ. अट गुप्त आहे: तुम्हाला अडचण नसेल तर. मराठीत किराणा दुकानात 'अर्धा किलो साखर हवी होती' म्हणतात तेव्हा हेच घडते. साखर काल हवी नव्हती, आत्ताच हवी आहे. पण 'हवी आहे'मधली धार 'होती'ने बोथट होते. फ्रेंचमध्येही 'ज व्हूलॅ', म्हणजे 'मला हवे होते', असे साध्या भूतकाळातले विनयाचे रूप आहेच. मराठी माणसाला फ्रेंच सौजन्य वेगळे शिकवावे लागत नाही. मागे सरून मागणे त्याला घरूनच माहीत असते.

सल्ला देतानाही हेच रूप उपयोगी पडते. 'त्यू दव्ह्रॅ त रपोझे', तू जरा आराम करायला हवास. हेच क्रियापद वर्तमानकाळात घातले तर सल्ल्याचा हुकूम होतो. कोंदिसिओनॅलचे भूतकालीन रूप घेतले तर तक्रार होते: 'त्यू ओरॅ प्यू म प्रेव्हनीर', मला आधी सांगायचं तरी होतंस! स्वतःबद्दल बोलताना तेच रूप पश्चात्तापाचे होते. 'आ ता प्लास', म्हणजे 'तुझ्या जागी', या तीन शब्दांत अख्खी अट मावते. 'मी तुझ्या जागी असतो तर' असे लांब वाक्य बोलावे लागत नाही.

वर्तमानपत्रांतला कोंदिसिओनॅल ही खास लक्षात ठेवायची गोष्ट आहे. 'ल मिनिस्त्र ओरॅ देमिसिओने.' शब्दशः 'मंत्र्याने राजीनामा दिला असता'. पण इथे कुठलीही अट नाही. बातमीदार एवढेच सांगतो आहे, की असे ऐकिवात आहे, खात्री झालेली नाही. मराठी वृत्तपत्रात हेच वाक्य 'मंत्र्यांनी राजीनामा दिल्याचे समजते' असे छापले जाईल आणि पारावर 'मंत्र्यानं राजीनामा दिला म्हणे' असे बोलले जाईल. मराठी ज्या कामासाठी 'समजते', 'कळते', 'म्हणे' असे शब्द जोडते, ते काम फ्रेंच क्रियापदाच्या शेपटीतच उरकते. हे माहीत नसलेला वाचक फ्रेंच बातमीचा चक्क उलटा अर्थ लावतो, कारण मराठीत 'दिला असता' म्हणजे दिला नाही. भाषांतरकारांनी इथे फार सावध राहायला हवे. आणि बातमीदारांनीही: फ्रान्सच्या २९ जुलै १८८१ च्या वृत्तपत्र-स्वातंत्र्याच्या कायद्यात, कलम २९ मध्ये, बदनामी संशयाच्या भाषेत केली तरी ती शिक्षेस पात्र आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. 'रॅ' लावल्याने जबाबदारी सुटत नाही.

याच रूपाचा सर्वांत लोभस वापर मुलांच्या खेळात दिसतो. अंगणात दोन मुली घर-घर किंवा शाळा-शाळा खेळायला बसतात आणि आधी भूमिका ठरवतात: 'म्वा, ज सरॅ ला मॅत्रॅस, ए त्वा, त्यू सरॅ लेलॅव्ह.' मी बाई, आणि तू विद्यार्थिनी. मराठी मुलींना क्रियापदाचीही गरज वाटत नाही. 'मी बाई हं, तू मुलगी' एवढ्यावर शाळा भरते. फ्रेंच मुली मात्र नकळत कोंदिसिओनॅल वापरून एक काल्पनिक जग उभे करतात आणि त्याचे नियम ठरवून टाकतात. शाळेतल्या पुस्तकात हे रूप भेटण्याच्या कितीतरी आधी ते त्यांच्या तोंडात असते.

कोंदिसिओनॅलचे आणखी एक काम व्याकरणकारांच्या वादाचे मूळ आहे. 'इल आ दी किल व्हियांद्रॅ', तो येईल असं म्हणाला. इथे अट नाही, शंका नाही, विनयही नाही. भूतकाळात उभे राहून पाहिलेला भविष्यकाळ एवढेच आहे. मराठी त्याचे शब्द जसेच्या तसे ठेवते, 'येईन म्हणाला'. फ्रेंच 'म्हणाला'च्या भूतकाळाला जुळवून 'येईन'लाही एक पाऊल मागे ओढते. या वापरामुळे, आणि 'गायचे होते' या जन्मकथेमुळे, अलीकडचे अनेक व्याकरणकार कोंदिसिओनॅलला स्वतंत्र 'अर्थ' न मानता भविष्यकाळाच्या शेजारचा एक काळ मानतात. त्यांची बाजू बळकट आहे. जुन्या पुस्तकांवर वाढलेल्यांना ते रुचत नाही, पण रूपाचा इतिहास त्यांच्या विरोधात जातो.

'सी' सोडून अट घालण्याचे इतर मार्गही पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. 'ओ का ऊ', म्हणजे 'न जाणो', याच्यापुढे कोंदिसिओनॅलच येतो: न जाणो पाऊस आला, छत्री घेऊन जा. ज्या कोंदिसिओनॅलला 'सी' दारात उभे करत नाही, त्याला 'ओ का ऊ' घरात घेते. 'आ कोंदिसिओं क', या अटीवर की. 'पूरव्यू क', फक्त अमुक झालं म्हणजे झालं. 'आ म्वँ क', अमुक झालं नाही तर. या तिन्हींपुढे 'स्यूबजोंक्तीफ' नावाचे निराळेच रूप लागते, तो स्वतंत्र विषय आहे. 'सां त्वा', म्हणजे 'तुझ्याशिवाय', असे नुसते म्हटले तरी अट पूर्ण होते: तू नसतास तर माझं काही खरं नव्हतं.

'सी'ची आणखी दोन-तीन सोंगे ओळखून ठेवावीत. 'कॉम सी' म्हणजे 'जणू': तो असा बोलतो, जणू त्याला सगळं ठाऊक आहे. इथेही 'सी'नंतर मागचा काळच येतो. 'ए सी ओंनालॅ ओ सिनेमा?' हा प्रस्ताव आहे, आणि मराठीत तो हुबेहूब तसाच केला जातो: 'आपण सिनेमाला गेलो तर?' दोन्ही भाषांत क्रियापद भूतकाळाचे, बेत संध्याकाळचा, आणि परिणामाचे वाक्य बोललेच जात नाही. तसेच 'सी सलमां', निदान असं झालं असतं तर, हा उसासा. पण 'तो येईल की नाही, मला माहीत नाही' या वाक्यात 'की नाही'च्या जागीही फ्रेंचमध्ये 'सी'च येतो, आणि तिथे भविष्यकाळ चालतो, कोंदिसिओनॅलही चालतो. करवत आणि रेघेचा नियम अटीच्या 'सी'चा आहे, प्रश्नाच्या 'सी'चा नाही. नियम अर्धवट लक्षात राहिलेला विद्यार्थी इथे बरोबर असलेले वाक्य खोडून चुकीचे करतो.

'सी' अजिबात न वापरताही फ्रेंच माणूस घरगुती बोलण्यात जर-तर करतो. तो दोन्ही वाक्ये कोंदिसिओनॅलमध्ये म्हणतो आणि मध्ये थोडा थांबतो: 'त्यू म लोरॅ दी, ज सरॅ व्हन्यू.' तू मला सांगितलं असतंस, मी आलो असतो. 'सी' नाही, म्हणून नियमही मोडत नाही. आणि दोन्ही बाजूंना खूण सारखी, अगदी मराठीसारखी. मराठीतही भांडणाच्या भरात 'तर' गळून पडतो आणि वाक्य असेच उभे राहते. मराठी विद्यार्थ्याच्या तोंडी ही रचना पहिल्याच दिवशी बसते आणि फ्रेंच मित्राशी बोलताना ती खुशाल वापरावी. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मात्र 'सी' लिहावा आणि त्याच्यापुढे 'रॅ' येऊ देऊ नये.